मधलं म्युझिक

तालमीच्या पहिल्याच संध्याकाळी पट्टीवरून वाद झाला. क्लॅरिनेटवाले मामा म्हणाले, काळी पाच. फार तर काळी दोन. त्यांची सारी हयात लग्नाच्या बँडमध्ये गेलेली, त्यामुळं बोटं त्या पट्ट्यांत आपोआप पडतात. किबोर्डवाला पोरगा बटण दाबून हवी ती पट्टी लावू शकतो, त्याला काय! अडचण माझी होती. मी व्हायोलिन शिकलो ते मांडी घालून, हिंदुस्थानी पद्धतीनं, षड्ज-पंचमात तारा लावून. कार्यक्रमात प्रत्येक गाण्याला तारा उतरवत-चढवत बसणं शक्य नव्हतं. शेवटी मीच पाश्चात्य पद्धतीनं तारा लावल्या, खुर्चीवर बसलो, व्हायोलिन खांद्यावर घेतलं आणि पुढचे काही आठवडे मान चोळत हिंडलो.

कार्यक्रम गायकांशिवाय करायचा, ही कल्पना त्या किबोर्डवाल्या पोराचीच. आमच्या ग्रुपमध्ये अरेंजरही तोच. सांगली-मिरजेत हल्ली ट्रॅकवर गाणाऱ्यांचे ग्रुप गल्लोगल्ली झालेत. ट्रॅकला मानधन लागत नाही, चहा लागत नाही, तो चिडतही नाही. वादकांना घरी बसवून गाण्याचे कार्यक्रम होऊ शकतात, तर गायकांना घरी बसवून एक वाजवण्याचा का होऊ नये, असं त्याचं म्हणणं. सिनेमांचं टायटल म्युझिक, गाण्यांआधीचं आणि कडव्यांमधलं म्युझिक, वादकांच्या भाषेत एम वन, एम टू, आणि जोडीला टीव्ही मालिकांची शीर्षकगीतं. बस्स.

माणसं जमली ती तीन तऱ्हांची. मिरजेच्या चर्चमध्ये वाजवणारे दोघं व्हायोलिनवाले स्टाफ नोटेशन घडाघडा वाचायचे. मी आणि बासरीवाले गुरुजी वहीत सारेगम लिहून घ्यायचो. मामा, ट्रंपेटवाला आणि तमाशाच्या फडात वाजवून आलेला ढोलकीवाला काहीच लिहून घेत नसत. एकदा ऐकायचे, डोळे मिटायचे, दुसऱ्यांदा वाजवायचे. अरेंजर कागद वाटायला लागला की मामा तो घडी करून खिशात ठेवत. अपमान नको म्हणून.

मुंबईच्या सिनेसंगीतात हे सगळं एका छताखाली होतं, हे मला या तालमींत नीट कळलं. संगीतकार चाल द्यायचा. तिच्याभोवतीचं म्युझिक बसवायचे आणि कागदावर उतरवायचे ते अरेंजर, त्यांतले कितीतरी गोव्याचे. शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्याकडं सेबास्टियन डिसूझा होते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी प्यारेलालना व्हायोलिन शिकवलं; ‘अमर अकबर अँथनी’मधल्या गाण्यात ते नाव आलं ते शिष्यानं गुरूला केलेला नमस्कार म्हणून. पडद्यावर मात्र त्यातलं फारसं कुणी झळकलं नाही. आणि कानानं वाजवणाऱ्यांची परंपरा आमच्या दारातच. ‘पिंजरा’चे संगीतकार राम कदम मिरजेचे, त्यांची सुरुवातही बँडमधलीच. मामा त्यांचं नाव घेताना कानाला हात लावतात.

‘सैराट’नं मला सर्वांत जास्त रडवलं. अजय-अतुल यांनी 2016 च्या त्या सिनेमासाठी लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोरिंग स्टेजवर तिथल्या वादकांकडून तंतुवाद्यं वाजवून घेतली. आम्ही तिघं व्हायोलिनवाले आणि मागं किबोर्डची चादर. सूर चुकत नव्हते, तरी काहीतरी खटकत होतं. अरेंजर माझ्यासमोर स्टूल घेऊन बसला आणि नुसता माझा गज बघत राहिला. म्हणाला, “काका, तुम्ही दोन स्वर एका गजात घेताय. ते दोघं प्रत्येक स्वराला गज बदलतायत. आणि काका, तिथं मींड नको. पायरी उतरल्यासारखं सरळ उतरा.” सरळ उतरायचं! तीस वर्षं मींड घोटली ती याचसाठी का, असं मनात आलं. पण पोरगा बरोबर होता. गज एकत्र वर-खाली व्हायला लागले आणि तीन व्हायोलिनं एकदम सहा असल्यासारखी वाजली.

पहिला कार्यक्रम सांगलीत, भावे नाट्यमंदिरात. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं तेव्हा पात्रं आयत्या वेळी सुचेल ते बोलत आणि पदं सगळी सूत्रधार म्हणे. त्यांच्याच नावाच्या रंगमंचावर आम्ही गाणाऱ्याशिवाय उभे. पहिल्या दोन तुकड्यांनंतर पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी निवेदकाला खालूनच विचारलं, “गायक मागनं येणारेत का?” हशा झाला. निवेदक म्हणाला, “आज तेच सुट्टीवर आहेत.” मध्यंतरानंतर काही खुर्च्या रिकाम्या झाल्या हे खरं आहे, आणि त्या लोकांचं मला फारसं चुकलं असंही वाटत नाही. नुसतं म्युझिक सलग ऐकायची आपल्याला सवय नाही.

पण ‘नागिन’ आलं आणि नाट्यमंदिराचा नूर बदलला. हेमंतकुमारांच्या 1954 च्या या सिनेमातली बीन ही बीन नव्हेच. कल्याणजींनी ती क्लॅव्हायोलिन नावाच्या छोट्या इलेक्ट्रॉनिक वाद्यावर वाजवली, साथीला रवी यांची पेटी. निवेदकानं हे सांगितलं तेव्हा लोक नुसते ‘हो का’ म्हणाले. मग मामा उठले. हजारो वरातींपुढं वाजवलेली ती धून त्यांनी क्लॅरिनेटवर इतकी सावकाश सुरू केली की मला वाटलं, विसरले. पहिला स्वर धरून ठेवला, किंचित खाली ओढला, गाल फुगवून पुन्हा वर आणला. तिसऱ्या रांगेत एक पन्नाशीचा माणूस हळूच उठला, रुमालाचं टोक दातांत धरलं आणि बायको शर्ट ओढत असताना डोलायला लागला. त्यानंतर नाट्यमंदिर आमचं होतं.

निवेदकाकडून प्रत्येक तुकड्याआधी मूळ वादकाचं नाव सांगून घेतलं, हे आमचं सर्वांत शहाणपणाचं काम. ‘शोले’त अमिताभच्या ओठांवरचा माउथ ऑर्गन भानू गुप्ता यांनी वाजवलाय, ‘हीरो’तली बासरी हरिप्रसाद चौरसियांची आहे. नाव सांगितलं की लोक सावरून बसतात. माणूस दिसला की कान उघडतात, असा माझा अनुभव आहे.

साताऱ्याचा कार्यक्रम ऑगस्टात, शाहू कलामंदिरात. आष्टा, इस्लामपूर, पेठ नाका असं करत गाडी हायवेला लागली आणि कऱ्हाडपासून पावसानं जी धार धरली ती सोडली नाही. साताऱ्यात अजिंक्यतारा ढगात गुडूप. ढोलकी चादरीत गुंडाळून आणली होती, तरी दमट हवेनं पुडी पार उतरली. वाजवली की आवाज यायचा भिजल्या पुठ्ठ्याचा. ढोलकीवाल्यानं विंगेतल्या हॅलोजनपुढं ती धरली. जवळ नेली तर कातडं तडकेल, लांब धरली तर उपयोग नाही. मधूनमधून बोटानं टिचकी मारून कान लावत होता. माझ्या तारा उतरत होत्या, मामा क्लॅरिनेटची पत्ती तोंडात धरून बसलेले. पडदा वर जायला थोडा वेळ आहे, असं सांगायला अरेंजर बाहेर गेला, तो सातारकरांना कंदी पेढ्यांवरून दोन विनोद सांगून परत आला.

इथं ‘आभाळमाया’नं बाजी मारली. 1999 साली अल्फा मराठीवर ही मालिका सुरू झाली तेव्हा घराघरांतल्या कुकरच्या शिट्ट्या तिच्या वेळेवर ठरायच्या. चाल अशोक पत्कींची, आवाज देवकी पंडितांचा. आम्ही देवकीताईंची जागा बासरीला दिली होती. गुरुजींनी मुखडा घेतला आणि बाल्कनीतून बायकांचे आवाज आले. गायक नव्हतेच, मग त्यांनीच गायला सुरुवात केली. मुखडा संपला, पुढचं म्युझिक आलं. आता थांबतील असं मला वाटलं. पण त्या थांबल्या नाहीत. शब्द नसलेला भागही ‘ला ला’ करत, योग्य जागी श्वास घेत त्यांनी म्हटला. माझा व्हायोलिनचा तुकडा माझ्याआधी त्यांना पाठ होता. वाजवता वाजवता मला हसू फुटलं आणि गज घसरला.

आमच्या मुलखात ऑर्केस्ट्रातून सिनेमात गेलेली माणसं कमी नाहीत. पुण्याच्या अशोककुमार सराफ यांच्या ‘मेलडी मेकर्स’मध्ये सुदेश भोसले गायचे. सुरेंद्र हेंद्रे आणि विजय पाटील या ऑर्केस्ट्रावाल्या जोडीला दादा कोंडक्यांनी ‘पांडू हवालदार’ दिला, 1975 मध्ये, आणि राम-लक्ष्मण तयार झाले. त्यातल्या लक्ष्मणनं पुढं ‘हम आपके हैं कौन’ केला. हे मी गाडीत परत येताना ढोलकीवाल्याला सांगितलं. तो म्हणाला, “मला गणपतीची सुपारी मिळाली तरी पुरे.”

ती मिळाली. साताऱ्यातच एका मंडळाच्या कार्यकर्त्यानं विंगेत येऊन अरेंजरचा नंबर घेतला होता. दोन दिवसांनी फोन आला. म्युझिक झकास झालं, तेच सगळं हवं, पण गायक दोन तरी आणा, नाहीतर पब्लिक थांबणार नाही. अरेंजरनं मानधनावर बरीच घासाघीस केली, मामांचे जाण्या-येण्याचे पैसे वेगळे मागून घेतले आणि हो म्हणाला. सध्या त्याच तालमी चालू आहेत. गाणारी मुलगी इस्लामपूरची, गळा चांगला आहे. फक्त एम वन संपायच्या आधी चार मात्रा तोंड उघडते. तेवढं मामा तिला डोळ्यांनी दाबून धरतात.