आधी बेस कॅम्प, मग शिखर

चुखुंग, रात्र. उद्या आयलंड पीकच्या तळावर जायचंय. आधी एव्हरेस्ट बेस कॅम्पची (५,३६४ मीटर) वाट चालून आलो, हे फार बरं झालं. त्या चालीतच शरीर विरळ हवेला सरावलं. थेट इकडे आलो असतो तर डोकं धरून बसावं लागलं असतं.

मात्र आयलंड पीकचं ‘नवशिक्यांचं शिखर’ हे वर्णन मला पटत नाही. उंची ६,००० मीटरच्या वर, आणि माथ्याखालच्या उभ्या बर्फभिंतीवर बुटांना लावलेले टोकदार क्रॅम्पॉन रोवत, दोरावर जुमार सरकवत चढायचं! १९५३ च्या ब्रिटिश एव्हरेस्ट मोहिमेतल्या गिर्यारोहकांनीही सरावात याच शिखरावर चढाई केली होती.

आज शेर्पादादांनी दोरावर कसून सराव करून घेतला. जाड हातमोजे न काढता दोराला कॅरॅबिनरची कडी अडकवता आली. केवढा आनंद झाला!