ताप गेला, सांधे राहिले

२०२४ च्या पावसाळ्यात पुण्यात चिकुनगुन्याची साथ आली, त्यात अस्मादिकांचाही नंबर लागला. ताप चार दिवसांत पळाला. थकवा आणि सांधेदुखी मात्र मुक्कामालाच. (मूळ माकोंडे शब्दाचा अर्थच वाकून जाणं!) ताप थर्मामीटरवर दिसतो हो, थकवा कुठे दाखवायचा? दोन-तीनदा नाही म्हटल्यावर ट्रेकवाल्या ग्रुपने विचारणंच सोडलं.

तरी डिसेंबरात ऑफिसच्या पोरांबरोबर हरिहरेश्वरला गेलो. ओहोटी होती, सगळे प्रदक्षिणेला निघाले. कातळातल्या त्या उभ्या पायऱ्या बघूनच माझे गुडघे बोलायला लागले. "तुम्ही व्हा पुढे," म्हटलं. एकजण काही न विचारता शेजारी बसला. अर्धा तास नुसता समुद्र बघितला.

मग म्हणाला, "चहा?"

टपरी पन्नासेक पावलांवर होती. तेवढं जमलं.