नखावरचा डाग

जूनचा पहिला मोठा पाऊस. डोंबिवलीला फास्ट लोकलच्या लेडीज डब्यात चढताना कुणाची तरी टाच माझ्या उजव्या अंगठ्यावर पडली. ठाणं गेलं तरी वाकून बघायला जागा नव्हती. रात्री ओला मोजा काढला, तर नखाखाली रक्त साकळून मसुराएवढा जांभळा-काळा डाग, अगदी मुळाशी.

दोन दिवसांनी ठणका थांबला आणि मी त्यावर मरून नेलपॉलिश लावलं. श्रावण आला, गणपती आले. सणावारी जोडव्यांकडे पाहणारी नजर बोटांवरही जातेच. टवका उडाला की त्यावरच दुसरा हात द्यायचा. आईला मधुमेह आहे. पायाला लागलेलं तिला कळत नाही, म्हणून दर रविवारी मी तिची बोटं उजेडात धरून बघते. आणि माझ्या अंगठ्याकडे मी चार महिने पाहिलंच नव्हतं.

दसऱ्याला रंग उतरवला. नख पिवळट, वर पांढरे खरखरीत चट्टे. डॉक्टर म्हणाले, "ताई, रंग काढून आलात ते बरं केलंत. नख दिसलं तरच काही कळेल." त्यांनी नख खरवडून तपासायला पाठवलं. बुरशी निघाली नाही. गडद रंग मुरल्याने पिवळेपणा, आणि एकावर एक थर चढवून नख कोरडं पडल्याने चट्टे. पुन्हा लावाल तेव्हा आधी बेस कोट, मध्ये काही आठवडे मोकळे, नख सरळ कापायचं, कोपरे कोरायचे नाहीत. पावसात बोटांच्या बेचक्या पुसायच्या, ओले बूट दुसऱ्या दिवशी घालायचे नाहीत.

डागाबद्दल मात्र ते सावकाश बोलले. पायाचं नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढतं. अंगठ्याचं पूर्ण नवं यायला वर्ष-दीड वर्ष लागतं. साकळलेलं रक्त नखाबरोबर पुढे सरकतं. डाग जागचा हलला नाही किंवा पसरला, तर लगेच दाखवा. क्वचित तो त्वचेच्या कर्करोगाचाही असतो.

मग कसला रंग! आईच्या रविवारात माझा अंगठाही आला. दिवाळीत डाग आणि मूळ यांच्यामध्ये स्वच्छ गुलाबी पट्टी होती, संक्रांतीला डाग अर्ध्याच्या पुढे गेलेला. इतक्या हळू चालणाऱ्या गोष्टीची मी इतकी वाट कधी पाहिली नव्हती.

उद्या पाडवा. १९९९ साली डोंबिवलीत सुरू झालेली नववर्ष स्वागतयात्रा सकाळी फडके रोडवरून जाईल. नऊवारी, नथ, सगळं काढून ठेवलंय. भाची मरून बाटली घेऊन पायाशी बसली. नऊ बोटं झाली. अंगठ्याच्या टोकाशी अजून काळी रेघ आहे. पुढच्या एक-दोन कापण्यांत जाईल. "हा राहू दे गं," मी म्हटलं.

आई चष्मा लावून वाकली. "राहू दे की. अंगठ्याला जोडवंही कुठे असतं?"