वाळूच्या काठावरचे एक मराठी नाव

कराची मी पाहिलेली नाही. विश्रांतवाडीच्या घरी नकाशा उघडून जेवढा प्रवास होतो, तेवढाच माझा. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला उजाड, रेताड मुलूख. पाऊस नावापुरता, म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मलीर नदीकाठी दमलोटीच्या विहिरी खणून या बंदराची तहान भागवावी लागली.

अशा ठिकाणी आपली माणसे कशाला गेली असतील? तर १८४७ ते १९३६ सिंध मुंबई इलाख्यातच होता! बदलीचा हुकूम आला की कारकून, मास्तर ट्रंका घेऊन बोटीत चढत. शिक्षणखात्यातले नारायण जगन्नाथ वैद्य त्यांतलेच. सिंधी मुलांच्या शिक्षणासाठी ते झटले. १८५५ साली निघालेल्या तिथल्या सरकारी शाळेला पुढे त्यांचे नाव मिळाले.

१९४७ नंतर बहुतेक मराठी बिऱ्हाडे उठली. शाळेसमोरचा बंदर रोड जिनांच्या नावाचा झाला. शाळेच्या दारावर मात्र नारायण जगन्नाथच राहिले.

वाचकहो, परमुलखाने जपलेले हे नाव आपल्या किती मुलांना ठाऊक आहे? या दिवाळीत, फराळाच्या ताटाभोवती, एकदा विचारून तर पाहा.