जनता, सतरा ज्युवेल्स

अप्पांना एचएमटीचं 'जनता' घड्याळ मिळालं ते १९७४ साली. 'मिळालं' अशासाठी की त्या काळी नुसते पैसे टाकून घड्याळ येत नसे. नंबर लावा, ओळख काढा, वाट बघा. कऱ्हाड तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मास्तराची ओळख ती काय असणार! शेवटी मिलिटरीतल्या एका पाव्हण्याने कॅन्टीनमधून आणून दिलं. पांढरी तबकडी, तिच्यावर देवनागरीत 'जनता', खाली बारीक इंग्रजी अक्षरांत सतरा ज्युवेल्स आणि पॅराशॉक. अंघोळ झाली की अप्पा आधी देवाला नमस्कार करत, मग घड्याळाला चावी देत. शाळेत घंटेऐवजी रुळाचा तुकडा टांगलेला होता आणि तो बडवायची वेळ अप्पांच्या मनगटावर ठरायची. गावातली माणसं त्या टोल्यावर चहा टाकत.

१९९८ साली बी.एड. झाल्या झाल्या मला बंगलोरच्या इंदिरानगरातल्या एका शाळेत गणित शिकवायची नोकरी लागली. मिरजेहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेस, एक वळकटी, आईने दिलेली मेतकुटाची बरणी. निघताना अप्पांनी घड्याळ काढून माझ्या हातावर ठेवलं. "हे बंगलोरचंच. माहेरी निघालंय. तू जपून जा."

खरंच माहेरी. हिंदुस्थान मशीन टूल्स हा सरकारी कारखाना १९५३ साली बंगलोरात जलहळ्ळीला उभा राहिला, आणि १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने तिथे घड्याळाचा विभाग निघाला. मी राहायला आले ते इंदिरानगरही एका कारखान्याच्याच सावलीतलं. जुने लोक त्याला अजून 'एच.ए.एल. सेकंड स्टेज' म्हणतात. तो विमानाचा कारखाना १९४० साली काढला सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी, म्हैसूर संस्थानाला बरोबर घेऊन. आपला माणूस बंगलोरला पोचला की पहिल्या आठवड्यात शहाजीराजांची जहागीर काढतो. वालचंदांचं नाव मात्र कोणी घेत नाही, आणि इथल्या कित्येक घरांत चूल पेटली ती त्यांच्या कारखान्यावर.

माझे घरमालक त्याच कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. अम्मांनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, पहिल्याच दिवशी माझ्या मनगटाकडे बघून निकाल दिला, "इदु गंडसर वॉचु." पुरुषांचं घड्याळ. बायकांची घड्याळं तेव्हा बटणाएवढी असत. पण हेच मोठं घड्याळ उपयोगी पडलं. मोबाइल नव्हते. बस स्टॉपवर ज्याच्या मनगटावर दुरून दिसेल असं घड्याळ, त्यालाच सगळे विचारणार, "टैम एष्टायतु?" पहिले काही दिवस मी नुसता हात पुढे करायची. मग अम्मांकडून पाठ करून घेतलं. एंटु म्हणजे आठ, एंटू कालु म्हणजे सव्वाआठ, एंटूवरे साडेआठ, एंटू मुक्कालु पावणेनऊ. माझं पहिलं कन्नड हे एवढंच, आणि ते अनोळखी माणसांनी मला रोज म्हणायला लावलं.

त्याचा उपयोग वर्गात होईल असं मात्र वाटलं नव्हतं. शाळा इंग्रजी माध्यमाची, सहावीला अपूर्णांक. फळ्यावर भाकरीसारखे गोल काढून झाले, थ्री-फोर्थ थ्री-फोर्थ म्हणून घसा बसला. मुलं मान डोलवत, वहीत छेदाची छेदात बेरीज करत. एक दिवस मी घड्याळ काढलं आणि पुढच्या बाकावर ठेवलं. मोठा काटा बारावरून तीनवर गेला की किती? "कालु, मिस." सहावर? "अर्धा." नऊवर? "मुक्कालु!" मागच्या बाकावरचा एक पोरगा, जो एरवी तोंड उघडत नसे, तो ओरडला, "मिस, मुक्कालु केजी बीन्स!" त्याची आई हलसूरच्या बाजारात भाजी विकायची. पाव किलो, अर्धा किलो, पाऊण किलो हे त्याच्या रोजच्या हाताखालचं गणित होतं. इंग्रजीत ते त्याला कोणी दाखवलं नव्हतं. मग अर्धा आणि कालु मिळून किती, हे त्यानेच वर्गाला सांगितलं. इंग्रजी फळ्यावर राहिलं, पण तास पुढे सरकला तो कन्नडवर.

त्या वर्गाला आणखी एक गोष्ट येत होती, जी मला आजही येत नाही. तेव्हा विमानतळ इथेच होता, एच.ए.एल.चा, २००८ साली तो देवनहळ्ळीला गेला. विमान डोक्यावरून गेलं की फळ्यासमोर थांबावंच लागे. कारखान्यात बाप असलेली पोरं तेवढ्यात आवाजावरून सांगत, हे प्रवासी, हे ट्रेनर, हे हेलिकॉप्टर. ४ जानेवारी २००१ ला तेजसने (तेव्हा त्याला ते नाव नव्हतं) पहिलं उड्डाण केलं ते याच धावपट्टीवरून.

त्याआधीचं वर्ष विसरण्यासारखं नाही. ३० जुलै २००० ला चंदनतस्कर वीरप्पनने राजकुमारांना पळवलं. शहर बंद, शाळा बंद, गावाकडून अप्पांचा पीसीओवरून घाबरा फोन. राजकुमार म्हणजे इथले 'अण्णावरु', केवळ नट नव्हेत, आणि परक्या माणसाला ते असं एका सकाळीच कळतं. अम्मांनी दार लावून घेतलं आणि टीव्हीपुढे बसवून त्यांचे जुने सिनेमे दाखवले, मध्ये मध्ये थांबवून अर्थ सांगत. १०८ दिवसांनी ते सुटले. तोवर माझं कन्नड वेळ सांगण्यापलीकडे गेलं होतं.

त्याच काळात स्टाफरूममध्ये कन्नडच्या मेष्ट्रांनी मला द. रा. बेंद्र्यांबद्दल सांगितलं. घरची भाषा मराठी, कविता कन्नड, १९७३ चं ज्ञानपीठ. मला जास्त लागलं ते वेगळंच. हा माणूस १९४४ पासून बारा वर्षं सोलापूरच्या डी.ए.व्ही. कॉलेजात कन्नड शिकवत होता. म्हणजे मी उलट्या गाडीत बसले होते एवढंच. शाळेत हे कोणी का सांगितलं नाही, हा राग अजून गेलेला नाही. सीमाप्रश्नावर आपण दोन्हीकडचे तासन्‌तास बोलतो, पण बेंद्र्यांचं सोलापूर दोघांच्याही तोंडी नाही.

संसार पुढे इथेच झाला. 'जनता'ची देखभाल सी.एम.एच. रोडवरच्या एका टपरीत व्हायची. डोळ्याला भिंग लावलेले म्हातारे दुरुस्तीवाले मागचं झाकण उघडून दाखवत, चक्र कसं श्वास घेतं ते. मेट्रोचं काम आलं तेव्हा त्या रस्त्यावरच्या दुकानदारांनी खूप विरोध केला; झाडं गेली, धंदे गेले, टपरीही गेली. २० ऑक्टोबर २०११ ला बैयप्पनहळ्ळी ते एम.जी. रोड पहिली गाडी धावली. एचएमटीला तोवर टायटनच्या क्वार्ट्‌झने कधीच मागे टाकलं होतं, आणि २०१६ साली सरकारने घड्याळाचा विभाग बंदच करायचं ठरवलं. घड्याळ कंपनीला पुरून उरलं. आता वर्षातून एकदा तेल घालायला जलहळ्ळीपर्यंत जाते.

इंदिरानगर ओळखू येत नाही. हंड्रेड फीट रोडवर बंगल्यांच्या जागी दारूचे बार आणि कपड्यांची दुकानं आली. २०२१ साली राहुल द्रविड एका जाहिरातीत 'इंदिरानगरचा गुंडा' झाला तेव्हा पुण्याच्या नातेवाइकांनी मला फोन करून अभिनंदन केलं, जणू मीच काच फोडली. आपला मराठी मुलगा, म्हणाले. आपला खरा, पण तो कन्नड बोलतो, हे पुढचं वाक्य कोणी म्हणत नाही.

२०२४ साली दुकानांच्या पाट्यांवर साठ टक्के कन्नड सक्तीचं झालं, तेव्हा सोसायटीतली आपलीच मंडळी कुरकुरली. हीच मंडळी गावी गेली की पाट्या मराठीतच हव्यात म्हणून भांडतात. माझंही मत तेच आहे, दोन्हीकडे तेच. महाराष्ट्राने २०२० साली सगळ्या शाळांत मराठी सक्तीची केली. कर्नाटकाने कन्नडसाठी तसा कायदा २०१५ सालीच केला. तिकडे अस्मिता आणि इकडे जाच, असं दुहेरी माप मला जमत नाही. पंधरा-वीस वर्षं इथे काढून 'कन्नड गोत्तिल्ला', म्हणजे कन्नड येत नाही, एवढं एकच वाक्य सफाईने बोलणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांची कीव येत नाही, लाज वाटते.

तेव्हा मुलगा-सुनेकडे सहा-सहा महिने राहायला येणाऱ्या आजी-आजोबांना एक विनंती आहे. नातवंडाला शाळेत कन्नड आहेच. संध्याकाळी ते पहिलीचं पुस्तक उघडून बसलं की टीव्ही बंद करून शेजारी बसा, त्याच्याबरोबर वाचा, आणि दुसऱ्या दिवशी भाजी आणायला तुम्हीच जा.