आंबोलीच्या पावसात भिजलेले पुस्तक

कोल्हापूरहून मोटारसायकलने गोव्यास जाणारा मनुष्य एका दिवसात तीनदा राज्याची सीमा ओलांडतो, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. कागल मागे पडून दूधगंगा ओलांडली की कोगनोळीपाशी कर्नाटक लागते. निपाणीच्या तंबाखूच्या वखारी मागे टाकीत संकेश्वरास उजवीकडे वळले की गडहिंग्लजच्या वाटेवर पुन्हा महाराष्ट्र. पुढे आजरा, आंबोली, दाणोली, सावंतवाडी, बांदा आणि शेवटी पत्रादेवीचा नाका. तेव्हा कोणत्या वळणावर कोणत्या राज्याचा पोलीस हात करील, याचा नेम नाही.

गेल्या जुलैमध्ये पुतण्यास म्हापशास वसुलीसाठी जावयाचे होते. मी त्याच्यामागे बसून येतो म्हटल्यावर घरात थोडी कुरबुर झाली. साठी उलटलेल्या माणसाने भर पावसात मोटारसायकलवर बसावे, हे सूनबाईंना पटेना. परंतु मला आंबोली पुन्हा एकदा त्याच वाहनावरून पाहावयाची होती. त्याचे कारण तीस वर्षांपूर्वीचे आहे.

१९९४ साली मी बँकेत अधिकारी होतो. सावंतवाडीस शाखा-तपासणीचे काम निघाले, म्हणून मी अण्णांची, म्हणजे माझ्या थोरल्या बंधूंची, मोटारसायकल मागून घेतली. अण्णांची गुळाची अडत होती. कागदपत्रांच्या बाबतीत ते इतके काटेकोर, की जुन्या चोपड्यासुद्धा वर्षवार बासनात बांधून ठेवीत. त्यांनी आर. सी. बुक माझ्या हाती देऊन सांगितले, “खिशात ठेव.” मी ते प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून गाडीच्या बाजूच्या हत्यारांच्या पेटीत ठेवले. खिशापेक्षा कुलूपबंद पेटी अधिक सुरक्षित, हा माझा बँकेचा हिशेब!

संकेश्वरापासून पुढे हिरण्यकेशीची सोबत असते. ही नदी आंबोलीतच, एका गुहेतील देवस्थानापाशी उगम पावते. म्हणजे आपण तिच्या प्रवाहाच्या उलट, उगमाकडे जात असतो. आजऱ्यापर्यंत भाताच्या खाचरांवर साधा पाऊस असतो. त्यापुढे तो साधा राहत नाही. आंबोलीस वर्षाकाठी सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. तेथे पाणी वरून पडते तितकेच खालूनही उडते. मागच्या चाकाने उडविलेले ते पाणी पेटीच्या फटीतून आत शिरले. प्लास्टिकच्या पिशवीत एकदा ओल गेली की ती बाहेर पडत नाही, उलट इंजिनाच्या उष्णतेने आतल्या आत घाम धरते. सावंतवाडीस पोचून पुस्तक उघडले, तो हाताने लिहिलेल्या नोंदींची शाई पानभर पसरलेली! चासी क्रमांकाचे चार आकडे गेले होते आणि मालकाच्या सहीच्या जागी निळा डाग उरला होता.

मी ते टीपकागदात दाबून वाळविले आणि परतल्यावर अण्णांच्या गल्ल्याच्या खणात मुकाट्याने ठेवून दिले. सांगितले मात्र नाही.

१९९७ मध्ये अण्णा हृदयविकाराने गेले. मोटारसायकल वहिनींच्या नावे करावयाची होती. मालकाच्या मृत्यूनंतर वारसाच्या नावे नोंद करण्यास नमुना ३१ लागतो. पण त्यासोबत द्यावयाचे प्रमाणपत्र वाचता येत नसेल, तर आधी नमुना २६ भरून दुय्यम प्रत घ्यावी लागते. चासी क्रमांकाचा पेन्सिलीने ठसा काढून द्या, जुने पुस्तक जमा करा, अशा सात खेपा आम्ही घातल्या. शेवटच्या खेपेस वहिनी म्हणाल्या, “यांच्या हातून कागद असा कधी खराब झाला नव्हता हो.” मी शेजारी उभा होतो.

बँकेत इतकी वर्षे मूळ दस्त तिजोरीत आणि प्रत फाइलीत, हा नियम पाळणाऱ्या माणसाला तो रस्त्यावर आठवला नाही. मूळ कागद वाहनात कधीही ठेवू नये. वाहन चोरीस गेले तर कागदही चोराबरोबर जातात, आणि विमा कंपनी दाव्याच्या वेळी नोंदणी प्रमाणपत्र व दोन्ही किल्ल्या मागते. नोंदणीचे जुने पुस्तक असेल तर ते लॅमिनेटही करू नये. त्यावर पुढे कर्ज फिटल्याची वा हस्तांतराची नोंद कशी करणार?

आता सोय पुष्कळ झाली आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १३९ बदलला. तेव्हापासून डिजिलॉकर वा एमपरिवहनमधील परवाना, नोंदणी, विमा आणि पी. यू. सी. दाखविले तरी चालते. पुतण्याचे सारे त्यातच होते. मूळ कार्ड घरी कपाटात होते. मी मात्र माझ्या समाधानासाठी विमा आणि पी. यू. सी. यांच्या प्रती घडी न घालता, तोंड गुंडाळून बंद होणाऱ्या जलरोधक पाकिटात सदऱ्याच्या आत बाळगल्या होत्या. सोबत कोरडा रुमाल आणि घरचे दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी. पुतण्या हसला.

आंबोलीच्या धबधब्यापाशी चहा घेताना मी त्याला १९९४ची हकीकत सांगितली. तो काही बोलला नाही. त्याने फक्त खिशातला फोन काढून तो कोरडा आहे ना, ते पाहिले.

पत्रादेवीस पोलिसाने हात केला. पुतण्याने फोन काढला, परंतु बोटे आणि पडदा दोन्ही ओले, त्यामुळे स्पर्शच लागेना. बोट एकीकडे ठेवावे तर उघडे दुसरेच काही. पोलीस शांतपणे पाहत होता. मी पाकिटातला रुमाल पुढे केला. पडदा पुसून दिल्यावर सारे दिसले आणि त्याने जाण्याची खूण केली.

परत आल्यावर दुसऱ्या दिवशी मी वहिनींकडे गेलो. त्या आता ऐंशीच्या घरात आहेत. पुस्तक माझ्या हातून भिजले होते, हे त्यांना सांगितले. त्या बराच वेळ पदराशी चाळा करीत राहिल्या. मग त्यांनी विचारले, “सही अगदीच गेली होती का रे?”

पहिले अक्षर थोडे दिसत होते, असे मी सांगितले. ते पुस्तक परिवहन कार्यालयात जमा होऊन सत्तावीस वर्षे झाली होती.