नळी तिरपी करून पाहताना

नवरात्राच्या सुमारास सोयाबीनची सोंगणी सुरू झाली की माझ्या टेबलावर पू वाढतो. वाळलेल्या शेंगांची टोकं बोटांत घुसतात, विळ्याचे काप वेगळेच. रिसोड-मालेगावकडची बोटं मग आठवड्याभरात टरारून सुजतात. कोणी हळद भरतं, कोणी जवसाची पोटीस बांधतं, कोणी मेडिकलमधून कसल्याशा दोन गोळ्या आणून गिळतं. माझ्या कामाच्या दृष्टीने हळद परवडली. दोन गोळ्यांनी जंतू धड मरत नाहीत, अर्धमेले होतात. प्लेटवर काही उगवत नाही आणि फोडात मात्र ते असतातच.

वाशीममधल्या एका छोट्या लॅबमध्ये मी जंतू ओळखण्याचं काम करतो. जिल्हा १९९८ साली अकोल्यातून वेगळा झाला, २०२४ मध्ये इथे सरकारी मेडिकल कॉलेजही सुरू झालं. तरी कल्चर, म्हणजे जंतू वाढवून पाहणं, म्हटलं की पुष्कळांच्या तोंडी अजून अकोलाच येतं. असो.

कापसाच्या काडीवर सुकून आलेला पू मला आवडत नाही. सिरिंजमध्ये ओढलेला थोडासा मिळाला तरी काम होतं. तो काचपट्टीवर पसरायचा, वाळवून ज्योतीवरून फिरवायचा, मग जांभळा रंग, आयोडीन, अल्कोहोल आणि शेवटी तांबडा रंग. यात सगळा हातगुण अल्कोहोलच्या काही सेकंदांचा. जरा जास्त वेळ धरलं की जांभळे जंतूही तांबडे दिसतात आणि निदानाची दिशाच चुकते. पुवाच्या तांबूस पेशींच्या गर्दीत गडद जांभळे गोल जंतू घोसाने दिसले, त्यातले काही पेशींच्या पोटात गेलेले असले, तर मी तिथूनच डॉक्टरांना फोन लावतो. कल्चर उद्या.

हेच घोस १८८० च्या सुमारास स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबरडीनच्या अलेक्झांडर ऑग्स्टन या सर्जनने गळवांच्या पुवात पाहिले. गरम, ठणकत्या गळवांत ते होते, थंड गळवांत नव्हते. जंतू वाढवायला त्याने कोंबडीची अंडी वापरली. आपल्याकडे माध्यम संपलं, कुरिअर अडकलं म्हणून माझी चिडचिड होते तेव्हा मला त्या अंड्यांची आठवण होते. स्टॅफिलोकोकस हे नाव त्यानेच दिलं. १८८४ मध्ये रोझेनबाखने सोनेरी आणि पांढरे असे दोन प्रकार वेगळे केले. रंगावर मात्र विसंबू नये. सोनेरी म्हणवणारे पांढुरके उगवलेले मी पुष्कळ पाहिलेत.

तेव्हा जंतू काय करतो ते पाहायचं. हायड्रोजन पेरॉक्साइडच्या थेंबात वसाहत टेकवली की बुडबुडे आले पाहिजेत. स्ट्रेप्टोकोकस असेल तर येत नाहीत. इथे लाकडी काडी वापरावी, कारण नायक्रोमची तार स्वतःच बुडबुडे काढते. ब्लड अगारवरून वसाहत उचलताना खालचं रक्त खरवडलं तरी तीच फसगत.

पण खरी परीक्षा कोअ‍ॅग्युलेजची. नळीत थोडा प्लाझ्मा, त्यात जंतू, नळी ३७ अंशांवर. मग दर तासाला ती काढायची आणि विरजण लागलं का हे पाहायला भांडं कलतं करतात तशी हलकेच तिरपी करायची. प्लाझ्मा ओघळला तर अजून काही नाही. थरथरत जागीच राहिला, तर स्टॅफिलोकोकस ऑरियस. हे चार तासांच्या आत पाहायचं. काही जंतू स्वतःच बांधलेली गाठ पुढे स्वतःच विरघळवतात, आणि रात्रभर ठेवून थेट सकाळी पाहणाऱ्याला पाणीच दिसतं. प्लाझ्माची नवी बाटली उघडली की आधी एका खात्रीच्या ऑरियसवर आणि एका निगेटिव्ह जंतूवर ती तपासतो. हा खर्च वाचवणाऱ्यांचा मला राग येतो.

ही चाचणी मला इतकी आवडते, कारण नळीत जे होतं तेच त्या शेतकऱ्याच्या बोटात चाललेलं असतं. जंतू आपल्याच रक्तातलं फायब्रिनोजेन गोठवून स्वतःभोवती कोट उभारतो. पांढऱ्या पेशी त्या कोटाशी झुंजतात, मरतात, त्यांचा पू होतो. औषध आत नीट पोहोचत नाही. म्हणून फोनवर मी रिपोर्टच्या आधी विचारतो, "डॉक्टरसाहेब, चिरा दिलाय ना?" कोट फोडून जंतू रक्तात शिरला तर हाडात, फुप्फुसात, हृदयाच्या झडपेवर जाऊन बसतो. आणि कधी तर त्याने शरीरात शिरायचीही गरज नसते. लग्नातली बासुंदी तासन् तास बाहेर राहिली की तो तीत विष सोडतो. पुन्हा उकळल्यावर जंतू मरतो, विष मरत नाही. एक ते सहा तासांत पंगतीतले लोक ओकायला लागतात.

ज्याने प्लाझ्मा गोठत नाही तो बहुधा आपल्या कातडीवरचा बिऱ्हाडकरू, स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस. कल्चरसाठी घेतलेल्या रक्ताच्या दोन बाटल्यांपैकी एकीत तो उगवला तर सुई टोचताना आला असेल. दोन्हींत उगवला आणि बाळ कमी दिवसांचं असलं, तर मी तो सोडून देत नाही. इथे यंत्र काही सांगत नाही, पेशंटची माहिती विचारावी लागते.

मे महिन्याचं दुखणं निराळं, उकाड्याचं. मेथिसिलिनला दाद न देणारा ऑरियस, म्हणजे एमआरएसए, इंग्लंडमध्ये १९६१ साली नोंदला गेला. तो पकडायला आम्ही सेफॉक्सिटिनची चकती ठेवतो आणि भोवतालची मोकळी जागा २१ मिलिमीटर किंवा कमी भरली तर रेझिस्टंट लिहितो. ती प्लेट ३५ अंशांच्या वर गेली की रेझिस्टन्स लपू शकतो. साध्या इन्क्युबेटरला तापवता येतं, गार करता येत नाही, आणि वाशीमच्या उन्हाळ्यात खोलीच चाळिशी गाठते. माझ्या लॅबमधला एसी माणसांसाठी नाही, प्लेटसाठी आहे.

मानोऱ्याकडचं एक कुटुंब होतं. मोठ्या मुलाला मांडीवर गळू यायचं, बुजायचं, पुन्हा यायचं. मी घरातल्या सगळ्यांच्या नाकाचे स्वॅब मागितले, तेव्हा आजी उखडल्या. "फोड मांडीले झाला, अन् तुम्ही नाक कायले तपासता?" मी म्हटलं, "आजी, तो राहतो नाकात. दर तीन माणसांत साधारण एकाच्या. त्रास काही देत नाही, नुसता राहतो." त्यांनी नाक पुढे केलं, पण त्यांची टोचणी चालूच होती. मोठ्या मुलाच्या नाकात काही सापडलं नाही. धाकट्या भावाच्या नाकात ऑरियस होता, मांडीतल्यासारख्याच औषधांना दाद देणारा. घरात टॉवेल एकच. डॉक्टरांनी धाकट्याला नाकात लावायला पाच दिवसांचं मलम दिलं, टॉवेल वेगळे करायला आणि गरम पाण्यात धुवायला सांगितले. मलम लगेच लावायला घेतलं. टॉवेलवरून मात्र घरात बराच वाद झाला म्हणे.